लिफ्ट आणि लोकलमागचा माणूस

सोसायटीच्या स्मरणिकेत लिफ्टवर लिहायचं म्हटलं की देखभालीचा खर्च, नाहीतर अडकलेल्यांच्या गमती, एवढंच सुचतं. मला मात्र फ्रँक ज्युलियन स्प्रेग या अमेरिकन इंजिनिअरबद्दल लिहायचंय. आपले बरेच सभासद सकाळी लिफ्टने उतरून लोकल गाठतात. या दोन्हींमागे या एका माणसाचं डोकं आहे. मी नोकरी लोकलच्या कारशेडमध्ये केली, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल आपुलकी जरा जास्तच.

जन्म 1857 चा, कनेक्टिकटमधल्या मिलफर्डचा. आई लहानपणीच गेली, आत्याने सांभाळलं. 1878 मध्ये नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडले. 1882 मध्ये लंडनच्या विद्युत प्रदर्शनासाठी परीक्षक म्हणून गेले असताना तिथल्या भुयारी रेल्वेने फिरले. तेव्हा ती वाफेच्या इंजिनावर चाले, बोगद्यात नुसता धूर. इथे वीज का नाही, हा विचार तेव्हा डोक्यात शिरला तो कायमचा. पुढे नौदल सोडून एडिसनकडे नोकरी धरली, पण एडिसनला दिव्यांचं वेड आणि यांना मोटरचं. 1884 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

खरी कसोटी लागली ती व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात. 12 मैल रूळ, 40 गाड्या, मुदत 90 दिवस, आणि काम पसंत पडलं तरच पैसे! कागदावर सही केली तेव्हा यातलं बरंचसं फक्त आराखड्यात होतं. त्यात चढ असे, की घोडेसुद्धा दमावेत. सुरुवातीलाच स्प्रेगना टायफॉइड झाला. बरे होऊन पाहतात तर रूळ कच्चे, मोटरी जळतायत, मुदत टळलेली. तरी मागे हटले नाहीत. मोटरचं एक टोक आसावर आणि दुसरं स्प्रिंगवर टांगलं, म्हणजे रस्त्याचे धक्के गिअरला बसेनात. छपरावरचा दांडा स्प्रिंगच्या जोराने तारेला खालून टेकवला. 2 फेब्रुवारी 1888 ला सेवा सुरू झाली. पदरचे हजारो डॉलर गेले ते गेलेच.

बॉस्टनच्या ट्रामचे मालक व्हिटनी पाहायला आले. सगळ्या गाड्या एका जागी अडकल्या तर वीज पुरेल का, ही त्यांची शंका. स्प्रेगनी रात्री 22 गाड्या एका ओळीत लावल्या आणि एकामागून एक सोडल्या. दिवे पार मंदावले, पण गाड्या निघाल्या. बॉस्टनने वीज घेतली, मग इतर शहरांनीही. घोड्यांच्या ट्रामचे दिवस भरले.

1890 मध्ये एडिसनच्या कंपनीने स्प्रेगची कंपनी विकत घेतली आणि यंत्रांवरून त्यांचं नाव काढून टाकलं. हे त्यांना फार लागलं. राजीनामा देऊन ते बाहेर पडले. (1910 मध्ये त्यांना मोठं पदक मिळालं, तेही एडिसनच्या नावाचं! घेताना काय वाटलं असेल कोण जाणे.)

मग त्यांनी लिफ्ट हाती घेतली. त्या काळी उंच इमारतीत पाण्याच्या दाबावरची लिफ्ट असे. चार्ल्स प्रॅट यांच्यासोबत त्यांनी विजेची लिफ्ट बनवली. न्यूयॉर्कच्या पोस्टल टेलिग्राफ इमारतीत ती चालली, तेव्हा लोकांची खात्री पटली. पुढे हा धंदा ओटिस कंपनीने घेतला.

लिफ्टचं काम करतानाच लोकलची कल्पना सुचली. एका स्विचवरून अनेक लिफ्ट चालवता येतात, तर डबे का नाहीत? प्रत्येक डब्याला स्वतःच्या मोटरी द्यायच्या. पुढच्या माणसाने हँडल फिरवलं की बारीक तारेतून थोडासा करंट सगळ्या डब्यांत जातो आणि तिथले रिले मोठा करंट जोडतात. इंजिन लागत नाही, शेवटच्या स्टेशनवर गाडी फिरवायचीही गरज नाही. मोटरमन नुसता दुसऱ्या टोकाला जातो. 1897 मध्ये चाचणीला स्प्रेगनी हँडलवर आपल्या लहान मुलाला बसवलं. शिकागोच्या उन्नत रेल्वेने ही पद्धत घेतली.

आपल्याकडे 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला ही 4 डब्यांची पहिली विजेची लोकल धावली, ती याच तत्त्वावर. आज डबे 12 आणि 15 झालेत, रिलेंच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स आलंय, तत्त्व तेच.

ती लोकल सुटली तेव्हा स्प्रेग 67 वर्षांचे होते आणि त्यांचं काम चालूच होतं. एकाच शाफ्टमध्ये दोन लिफ्ट, एक जलद आणि एक प्रत्येक मजल्यावर थांबणारी, हा त्यांचा अखेरचा मोठा खटाटोप. 25 ऑक्टोबर 1934 ला ते गेले. नौदलातले म्हणून त्यांचं दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत झालं.