निवडुंगाच्या माळावर नांगराचा कारखाना : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

पलूस तालुक्यातून रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. 1910 पूर्वी इथं वस्ती नव्हती. नुसता खडकाळ माळ, निवडुंग आणि सापांचा सुळसुळाट. त्या माळावर कारखाना उभा करणारा माणूस म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमत नव्हतं, ओढ होती ती चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची. घरच्यांचा विरोध असतानाही थोरले बंधू रामूअण्णांच्या मदतीने ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही, हे तिथं लक्षात आलं. चित्रकार व्हायचं स्वप्न संपलं. मग ते यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते थेट बेळगावला आले.

बेळगावात दोघा भावांचं सायकलचं दुकान होतं. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात 1888 सालची मानली जाते, ती या दुकानापासूनच. पण लक्ष्मणरावांचं लक्ष शेताकडे होतं. आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

खरी परीक्षा इथंच झाली. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, पीक येत नाही, असा शेतकऱ्यांचा समज होता. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालत आलेला. नवा नांगर फुकट बघायला सगळे येत, विकत कुणी घेईना. तयार नांगर पडून राहिले. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं गेली. दुसरा कुणी असता तर धंदा बंद करून मोकळा झाला असता. लक्ष्मणरावांनी मात्र नांगर शेतात नेऊन चालवून दाखवले, शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या, फाळ सुधारला. जमीन खोल उलटते आणि पीकही येतं, हे डोळ्यांनी बघितल्यावर मागणी वाढली.

जम बसतोय तोवर दुसरं संकट आलं. बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं. यंत्रं आणि माणसं घेऊन जायचं कुठं? तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांच्या संस्थानातल्या कुंडलजवळ 32 एकर माळ मिळाला. 10,000 रुपयांच्या कर्जाची सोयही औंधातच झाली.

1910 च्या मार्चमध्ये काम सुरू झालं. सोबत आलेल्या मंडळींनी निवडुंग तोडला, साप मारले, झोपड्या बांधल्या. वस्ती आखायचं काम रामूअण्णांनी अंगावर घेतलं. शंभोराव जांभेकर यंत्रं बघायचे आणि मंगेशराव रेगे हिशेब. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी भरवसा टाकला आणि त्यांनाच रात्रीच्या राखणीला ठेवलं. शिवाशिव त्यांना मान्य नव्हती. हळूहळू घरं झाली, शाळा आली, पाण्याची सोय झाली. कारखान्याभोवती वसवलेल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या गावांत किर्लोस्करवाडीचं नाव घेतात.

पुढे उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं आणि पाण्याचे पंप इथं तयार होऊ लागले. विहिरीवर मोट ओढणाऱ्या बैलांचे कष्ट पंपाने कमी केले. 1920 साली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'ने कारखान्याच्या बातम्या घरोघरी नेल्या. त्यातूनच नंतर 'किर्लोस्कर' मासिक नावारूपाला आलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत शिकून आला आणि त्याने उद्योगाचा पसारा वाढवला.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. जन्मशताब्दीला, 1969 साली, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. किर्लोस्करवाडीत पंप आजही तयार होतात. ज्या नांगराला एके काळी गिऱ्हाईक मिळत नव्हतं, त्याच्याच जोरावर हे गाव उभं राहिलं. नवं बियाणं किंवा नवं अवजार घेताना आजही शेतकरी बिचकतो. त्यात वावगं काही नाही. त्याच्या बांधावर जाऊन ते चालवून दाखवावं लागतं, आणि लक्ष्मणरावांनी नेमकं तेच केलं होतं.