लक्ष्मणराव किर्लोस्कर : भांडवल, पत आणि लोखंडी नांगर

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपल्यापैकी पुष्कळजण रोज ये-जा करतात. रस्त्याच्या पाटीवरचे हे आडनाव इतके ओळखीचे झाले आहे की त्यामागची माणसे आपल्या लक्षातही येत नाहीत. किर्लोस्कर म्हटले की नांगर, पंप, इंजिन एवढे बहुतेकांना आठवते. पण पगारावर जगणाऱ्या एका चित्रकला शिक्षकाने कारखाना उभारला, त्याला पैसा कोणी दिला? आणि का दिला? वाणिज्य शाखेत भांडवल, भाग, कर्ज हे शब्द आपण पाठ करतो. लक्ष्मणरावांच्या आयुष्यात या शब्दांचे अर्थ प्रत्यक्ष दिसतात. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र थोडे हिशेबाच्या अंगाने पाहू.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. लक्ष्मणला पुस्तकांपेक्षा चित्रे आणि यंत्रे आवडत. वयाच्या सोळाव्या वर्षी तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे त्याच्या ध्यानात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. खचून न जाता त्याने यंत्रांच्या आराखड्याचे रेखाटन शिकून घेतले आणि त्याच विषयाचा शिक्षक म्हणून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत नोकरी मिळवली. फावल्या वेळात कार्यशाळेतील यंत्रे चालवून पाहायची, इंग्रजी मासिके वाचायची, हा त्याचा छंद होता.

त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवण्याचे कामही रामूअण्णाच करत, आणि त्याचे वेगळे पैसे घेत. १८८८ साली सुरू झालेल्या या दुकानातूनच 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव पुढे आले. १८९७ मध्ये बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. हे पहिले भांडवल घरचे होते. एका भावाचा पगार आणि दुसऱ्या भावाचे कष्ट. त्याला तारण होते ते फक्त भावाभावांमधल्या विश्वासाचे.

दुकान आणि कारखाना यांत मोठा फरक असतो. दुकानदार माल आणतो, विकतो आणि त्याच पैशातून पुन्हा माल आणतो. कारखानदाराला आधी यंत्रे, लोखंड, कोळसा आणि मजुरी यांवर पैसा घालावा लागतो. माल विकला जाईपर्यंत तो पैसा अडकून पडतो. लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घ्यायला कोणी तयार होईना. लोखंडाने जमिनीत विष कालवते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरणाऱ्यांना दोष तरी कसा द्यायचा? पीक बुडाले तर त्यांचेच वर्ष बुडणार होते. पहिला नांगर विकला जायला जवळजवळ दोन वर्षे लागली. तोवर तयार नांगर पडून होते आणि त्यांत घातलेला पैसाही. नफा-तोट्याचा प्रश्न पुढचा. हातातले खेळते भांडवल संपले की चांगला कारखानाही बंद पडतो.

अशा वेळी आज आपण बँकेकडे जाऊ. तेव्हा तशी सोय नव्हती. त्या काळच्या मोठ्या बँका व्यापाराला, म्हणजे कापूस किंवा धान्याच्या तारणावर, थोड्या मुदतीसाठी पैसे देत. नव्या कारखान्याला दहा-पंधरा वर्षांसाठी कर्ज देणारी संस्था देशात नव्हती. औद्योगिक वित्त महामंडळ निघाले ते १९४८ मध्ये. भाग विकून पैसा उभारण्याचा मार्ग होता, पण तो मोठ्या नावांना खुला होता. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे भाग मुंबईत हजारो भारतीयांनी तीन आठवड्यांत घेतले. बेळगावच्या एका नांगरवाल्याला मुंबईच्या बाजारात कोण ओळखणार? ज्या देशात उद्योगाची नुकतीच सुरुवात होत असते, तेथे बुद्धी आणि मेहनत असूनही अनेक कारखाने याच खिंडीत अडतात.

त्यातच दुसरे संकट आले. नव्या वस्तीसाठी बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडणे भाग पडले. या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार होते आणि औंधमधील बांधकामाच्या निमित्ताने त्यांनी लक्ष्मणरावांचे काम जवळून पाहिले होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. लक्ष्मणरावांकडे गहाण ठेवण्यासारखे काही नव्हते. महाराजांनी कर्ज दिले ते माणूस पाहून. यालाच व्यवहारात पत म्हणतात. ती एका दिवसात मिळत नाही, आधी केलेल्या कामातून ती साठत जाते.

१९१० च्या मार्च महिन्यात मोजकी कुटुंबे त्या माळावर राहायला आली. सगळीकडे निवडुंग माजलेले, सापांचा सुळसुळाट, पाण्याची टंचाई. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे अशी माणसे जमली. त्यांतले फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्रांचे डोके असलेले. लक्ष्मणरावांनी त्यांची प्रमाणपत्रे पाहिली नाहीत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी राखणदारीचे काम दिले आणि त्या माणसांनी ते इमानाने केले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा त्यांचा नियम होता. महाराजांनी जो विश्वास आपल्यावर टाकला, तोच त्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांवर टाकला. या वसाहतीचे नाव किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि रेल्वे स्टेशनही त्याच नावाने ओळखले जाते.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारा माल घटला. विलायती नांगरांची स्पर्धा कमी झाली, मागणी वाढली. पण कच्चे लोखंड आणि दगडी कोळसा मिळेना. लाकडी कोळशावर भट्टी चालवण्याचे प्रयोग झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. संधी आणि अडचण एकाच वेळी येतात, ती अशी.

धंदा वाढला तसे भावांचे भांडवल आणि महाराजांचे कर्ज पुरेना. १९२० च्या जानेवारीत 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही कंपनी नोंदवली गेली. येथे 'लिमिटेड' शब्दाचा अर्थ समजून घेऊ. भागीदारीत धंदा बुडाला तर देणेकरी भागीदाराच्या घरादारापर्यंत येऊ शकतात. मर्यादित कंपनीत भागधारकाचे नुकसान त्याने घेतलेल्या भागाच्या रकमेपुरतेच होते. त्यामुळे मालकाला कधीही न भेटलेला माणूसही थोडे पैसे गुंतवण्याचे धाडस करतो. मात्र अनोळखी लोकांचा पैसा घेतला की हिशेब दाखवावा लागतो, तपासून घ्यावा लागतो आणि सभेत उत्तरे द्यावी लागतात. आधी भावाचा विश्वास, मग महाराजांचा आणि शेवटी अनोळखी भागधारकांचा, असा हा प्रवास आहे.

नांगर घेणारा शेतकरी. त्याला चार पैसे मिळाले तरच तो खरेदी करणार. एकाच मालावर कंपनी अवलंबून राहिली तर एका दुष्काळात ती बसते. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे यांच्या जोडीला १९२६ पासून पंप आले. त्याच वर्षी थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन परतले. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा लोखंडी फर्निचरसारख्या दुसऱ्या मालाने कारखान्याला आधार दिला. पुढे हरिहर येथे १९४१ मध्ये यंत्र बनवणारी यंत्रे तयार होऊ लागली. १९४६ मध्ये बंगळूर येथे विद्युत मोटारींची आणि पुण्याजवळ खडकी येथे तेलाच्या इंजिनांची कंपनी निघाली.

१९४८ च्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. इमारती आणि यंत्रे जळाली, पण काम जाणणारी माणसे आणि बाजारातले नाव शिल्लक होते. त्या बळावर कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

कंपनीच्या ताळेबंदात जमीन, यंत्रे आणि रोकड मांडता येते. दिलेला शब्द पाळण्याची सवय कोठे मांडायची? तिला रकाना नाही, तरी लक्ष्मणरावांचे पहिले कर्ज तिच्यावरच उभे राहिले. पालकांनीही मुलांशी यावर बोलावे. आपल्या शाळेसारख्या संस्थाही देणगीदारांच्या अशाच विश्वासावर चालतात, हे विश्वस्त मंडळींना वेगळे सांगायला नको. आणि विद्यार्थी मित्रहो, मित्राकडून घेतलेली वही ठरल्या दिवशी परत करणे, ही पत साठवण्याची पहिली पायरी आहे. ती आजच चढता येते.