जॅक जॉन्सन : न झालेल्या लढतींचा विश्वविजेता

नवी दिल्ली : हेवीवेट मुष्टियुद्धात आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद निघाला की जो लुई आणि मोहम्मद अली ही दोन नावे प्रथम पुढे येतात. लुईने विश्वविजेतेपद सलग २५ वेळा राखले, अलीने ते तीनदा मिळवले. आकडे हाताशी असल्याने तुलना सोपी वाटते. त्यांच्याही आधीच्या जॅक जॉन्सनला मात्र ही मोजपट्टी लावता येत नाही. त्याने जिंकलेल्या लढतींइतकेच न झालेल्या लढतींनीही त्याचे स्थान ठरवले आहे.

जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बंदराच्या शहरात झाला. त्याचे आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. शिक्षण जेमतेम, पोटासाठी गोदीतले काम. १९०१ मध्ये जो चॉयन्स्की या मुरलेल्या योद्ध्याने त्याला तिसऱ्याच फेरीत नॉकआउट केले. टेक्सासमध्ये बक्षिसासाठी लढण्यास बंदी असल्याने हरणारा आणि जिंकणारा दोघेही गजाआड गेले. तुरुंगातल्या त्या सुमारे तीन आठवड्यांत चॉयन्स्कीने त्याला सराव दिला. जॉन्सनच्या बचावाची घडण तिथेच झाली, असे मानले जाते.

हा बचाव हेच त्याचे खरे बलस्थान होते. प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचे, त्याचे ठोसे हवेतच अडवायचे आणि तोल गेला की प्रहार करायचा. गोऱ्या वृत्तपत्रांना यात आळस आणि भित्रेपणा दिसे. त्याआधी जेम्स कॉर्बेट याच धाटणीने लढला, तेव्हा मात्र त्याच्या बुद्धीचे गोडवे गायले गेले होते.

१९०३ मध्ये जॉन्सनने कृष्णवर्णीयांसाठीचे वेगळे हेवीवेट विजेतेपद जिंकले. खऱ्या विश्वविजेतेपदाचे दार बंदच होते. तत्कालीन विजेता जेम्स जेफ्रीज कृष्णवर्णीय आव्हानवीराविरुद्ध विजेतेपद पणाला लावायला तयार नव्हता आणि १९०५ मध्ये तो अपराजित निवृत्त झाला. पुढे विजेता झालेल्या टॉमी बर्न्सचा जॉन्सनने इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पाठपुरावा केला. सहा हजार पौंडांची हमी मिळाल्यावरच बर्न्स राजी झाला. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली. जॉन्सन विश्वविजेता झाला, तेव्हा त्याचे वय तिशीपार गेले होते. उमेदीची वर्षे प्रतीक्षेतच सरली होती.

गोऱ्या अमेरिकेने मग जेफ्रीजलाच निवृत्तीतून बाहेर काढले. सुमारे सहा वर्षे रिंगबाहेर असलेल्या जेफ्रीजला भरमसाट वजन उतरवावे लागले. ४ जुलै १९१० रोजी नेवाडातील रेनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत निष्प्रभ केले. त्या रात्री अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या आणि वीसच्या आसपास माणसे मारली गेली; बळी बहुतांशी कृष्णवर्णीय होते. दोन वर्षांनी मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर काँग्रेसने बंदी घातली. इतिहासात रेनोचे मोल मोठे आहे. पण निव्वळ मुष्टियुद्धाच्या हिशेबात तो उतरत्या काळातल्या प्रतिस्पर्ध्यावरचा विजय होता, हेही नोंदवायला हवे.

दार ठोठावून प्रतिस्पर्धी न मिळण्याचे दुःख भारतीय कुस्तीशौकिनांनाही ठाऊक आहे. त्याच वर्षी लंडनला गेलेल्या गामाने अमेरिकेच्या फ्रँक गॉचला आव्हान दिले होते. ती कुस्ती झालीच नाही.

जॉन्सनची गोष्ट इथे अधिक अवघड होते, कारण आता दार त्याच्या ताब्यात होते. सॅम लँगफर्डला त्याने १९०६ मध्ये गुणांवर हरवले होते, पण लँगफर्ड तेव्हा वजनाने बराच हलका होता. पुढे तो भरला, धोकादायक झाला. विश्वविजेता जॉन्सनने लँगफर्ड, जो जेनेट आणि सॅम मॅक्व्हे या तिघा तोलामोलाच्या कृष्णवर्णीय योद्ध्यांपैकी एकालाही विजेतेपदाची संधी दिली नाही. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीला गल्ला कमी आणि धोका जास्त, हे व्यवहाराचे गणित असेल. तरीही तुलनेच्या तागडीत ही उणीव जड भरते. १९१३ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये बॅटलिंग जिम जॉन्सन या कृष्णवर्णीयाशी तो लढला, तीही लढत बरोबरीत सुटली.

तोवर तो परागंदा झाला होता. गोऱ्या स्त्रियांशी त्याचे उघड संबंध आणि विवाह अनेकांना खुपत होते. स्त्रियांच्या व्यापाराविरुद्धच्या कायद्याचा आधार घेऊन, गोऱ्या मैत्रिणीला दुसऱ्या राज्यात नेल्याबद्दल त्याला १९१३ मध्ये एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. ज्युरी सर्व गोरे होते. तो कॅनडामार्गे युरोपात निघून गेला. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलार्डने त्याला सव्विसाव्या फेरीत हरवले. १९२० मध्ये परतून त्याने शिक्षा भोगली.

त्यानंतर २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला या विजेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. जो लुईला तयार करताना त्याच्या व्यवस्थापकांनी नियमच घालून दिले : गोऱ्या स्त्रियांसोबत छायाचित्र नको, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे मिरवणे नको. जॉन्सनसारखे दिसू नये, हाच त्यांचा अर्थ होता. जॉन्सननेही लुईच्या तंत्रातील दोष जाहीरपणे काढले आणि १९३६ मध्ये त्याच्याविरुद्ध, मॅक्स श्मेलिंगवर पैज लावून ती जिंकली. वर्षभरानंतर लुई विश्वविजेता झाला.

१० जून १९४६ रोजी उत्तर कॅरोलायनात मोटार अपघातात जॉन्सनचा मृत्यू झाला. तो ६८ वर्षांचा होता. त्याची शिक्षा २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी मरणोत्तर माफ केली. त्याच्या मृत्यूनंतर नवव्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये लुईने बिली कॉनला हरवून विश्वविजेतेपद राखले.