डॉक्टर कियोशी शिगा

इ. स. १८९७ सालीं जपानांत रक्ती आंवेची घोर सांथ पसरली. सुमारें ९०,००० लोक आजारी पडले व त्यांपैकीं शेंकडा २० हून अधिक दगावले. त्या समयीं टोकियो येथें सुप्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञ कितासातो यांच्या हाताखालीं कियोशी शिगा हे तरुण डॉक्टर काम करीत होते. त्यांचा जन्म १८७१ सालीं सेंदाई येथें झाला होता. ३६ रोग्यांची बारकाईनें तपासणी करून त्यांनीं रोगाचा जंतु हुडकून काढिला. पुढें त्यांनीं लस तयार केली, ती प्रथम स्वतःसच टोंचून घेतली व तिच्यापासून झालेली पीडा सोसली. त्या जंतुकुलास आज ‘शिगेला’ असें त्यांचेंच नांव आहे.

१९५७ सालीं शिगा निवर्तले. त्यांच्या हयातींतच सल्फा औषधें या जंतूंपुढें निष्प्रभ होऊं लागलीं होतीं. १९५५ च्या सुमारास तर एकाच वेळीं चार औषधांना दाद न देणारे शिगेला जंतु जपानांत आढळले. आंतड्यांतील एका जातीचा जंतु ही शक्ति दुसऱ्या जातीच्या जंतूसही देऊं शकतो, हें तेथील संशोधकांनीं १९५९ सालीं दाखवून दिलें.

शत्रु ओळखून देणें हें शिगा यांचें कार्य होतें. त्याच्यावरील शस्त्रें बोथट होऊं न देणें हें आपलें आहे, असें आम्हांस वाटतें. बालमित्रांनो, शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुवा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, घरांत उरलेल्या गोळ्या मुलांस आपल्या विचारानें देऊं नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच औषध द्यावें.