प्रार्थना थांबली तेव्हा...

मेरी क्युरी म्हटलं की आपल्याला रेडियम आठवतं आणि दोन नोबेल पारितोषिकं. शाळेच्या धड्यात तेवढंच असतं. मला मात्र तिच्या चरित्रात सगळ्यात जास्त भिडली ती आईसाठी प्रार्थना करणारी छोटी मुलगी.

तिचं माहेरचं नाव मारिया स्क्लोडोव्स्का, घरात सगळे मान्या म्हणायचे. जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. तेव्हा तिथे रशियाची सत्ता होती. त्यामुळे कॅथलिक धर्म हा नुसता धर्म नव्हता, ती पोलिश माणसाची ओळखच होती. आई अतिशय श्रद्धाळू. वडील भौतिकशास्त्र आणि गणित शिकवायचे, त्यांना धर्माची फारशी ओढ नव्हती.

आईला क्षय झाला. लेकरांना लागण होऊ नये म्हणून ती त्यांचा साधा पापाही घेत नसे. मान्या रोज देवाला विनवायची. पण आधी थोरली बहीण झोसिया टायफसच्या तापाने गेली आणि १८७८ च्या मे महिन्यात आईही गेली. मान्या तेव्हा दहा वर्षांची होती. त्यानंतर तिच्या मनातली श्रद्धा सुटत गेली ती कायमचीच.

तिने त्याचा गाजावाजा केला नाही. दुसऱ्याची श्रद्धा मनापासून असेल तर ती मोडायला ती कधी गेली नाही. चीड यायची ती ढोंगाची. स्वतःच्या आयुष्यात मात्र ती ठाम राहिली. १८९५ मध्ये पॅरिसजवळच्या सो गावात पिएर क्युरीशी तिचं लग्न झालं, ते नोंदणी पद्धतीने. चर्च नाही, पाद्री नाही, पांढरा झगाही नाही. पुढे प्रयोगशाळेत वापरता येईल असा गडद निळा पोशाख तिने घातला होता! दोन्ही मुलींचा बाप्तिस्माही तिने केला नाही.

खरी कसोटी लागली १९०६ मध्ये. घोडागाडीखाली सापडून पिएर गेला. मेरी अडतिसाव्या वर्षी विधवा झाली, धाकटी ईव्ह तर जेमतेम सव्वा वर्षाची. अंत्यविधीही धार्मिक विधींशिवाय झाला. दुःख काय कमी होतं? डायरीत ती पिएरशीच बोलत राहिली. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती सोरबॉन विद्यापीठात त्याच्या जागी शिकवायला उभी राहिली. तिथे शिकवणारी ती पहिली स्त्री. त्याचा विषय जिथे थांबला होता तिथूनच तिने पुढे सुरुवात केली.

१९३४ मध्ये ती गेली, तेव्हाही तिला प्रार्थनेविना पिएरजवळच पुरलं. १९९५ मध्ये दोघांनाही पॅरिसच्या पँथिऑनमध्ये मानाने नेण्यात आलं.

मैत्रिणींनो, मी स्वतः रोज देवापुढे दिवा लावते. तुम्ही तो लावू नका, असं सांगायला मी हे लिहिलेलं नाही. पण कामानिमित्त दुःखाच्या घरी जाते, तेव्हा नवरा किंवा मूल गमावलेल्या बाईला कुणीतरी हमखास ऐकवतं, की तुझ्याच उपासात, नवसात काहीतरी कमी पडलं असेल. पूर्वी मी गप्प बसायचे. आता तिचा हात धरून सगळ्यांसमोर सांगते, बाई, तुझं काही चुकलेलं नाही.

वॉर्साच्या त्या दहा वर्षांच्या पोरीचंही काही चुकलं नव्हतं.