वॉल्डेमार हाफकिन

वॉल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन (१५ मार्च, इ.स. १८६० - २६ ऑक्टोबर, इ.स. १९३०) हे पटकी व प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. मुंबईतील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जीवन

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. रोगजंतूंना गिळणाऱ्या भक्षकपेशींचा शोध लावणारे इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होते. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली व इ.स. १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. इ.स. १८९३ मध्ये ते भारतात आले.

मुंबईतील कार्य

इ.स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा प्रयोगशाळेत काम सुरू केले. पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले आणि उष्णतेने मारून त्यांची लस बनवली. १० जानेवारी, इ.स. १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. इ.स. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलवण्यात आली.

लशीचे तत्त्व

प्लेगमध्ये जांघेत किंवा काखेत येणारी गाठ म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी होय. अस्थिमज्जा, प्लीहा व या ग्रंथी हे रोगप्रतिकारक संस्थेचे महत्त्वाचे भाग आहेत. लशीतील मृत जंतू रोग निर्माण करू शकत नाहीत. परंतु त्यांची ओळख पटताच बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. काही पेशी ही ओळख जपून ठेवतात. त्यामुळे जिवंत जंतू शिरल्यास शरीर अधिक वेगाने प्रतिकार करते.

मुल्कोवाल प्रकरण

इ.स. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. हाफकिन यांना दोषी धरून पदावरून दूर करण्यात आले. बाटली गावात उघडताना खाली पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेल्याचे पुढे पुराव्यांतून दिसून आले. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. इ.स. १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले व कोलकात्यात पुन्हा रुजू झाले.

गौरव

इ.स. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्यांचे निधन स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाले. भारतीय टपाल खात्याने इ.स. १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.