डॉ. व्हिएगस आणि उदगीरचे कावळे

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात पन्नासच्या आसपास कावळे मरून पडले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान आले ते बर्ड फ्लूचे. उदगीर लातूर जिल्ह्यात आणि मुखेड नांदेड जिल्ह्यात असले, तरी या दोन तालुक्यांच्या शिवा एकमेकींना भिडलेल्या आहेत. मुक्रमाबादच्या रस्त्याने माणसांची, मालाची आणि कोंबड्यांच्या खुराड्यांची ये-जा रोजचीच. कावळ्याला तर जिल्ह्याची हद्द मुळीच ठाऊक नसते. अशा वेळी, हा रोग पक्ष्यांतच थांबला की माणसापर्यंत पोचला, हा एकच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर कोणी आणि कसे शोधायचे, याचा विचार करताना सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतील एका डॉक्टरांची आठवण होणे साहजिक आहे.

डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील बारदेश तालुक्यात हडफडे या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. शिक्षणासाठी मुंबईस आलेल्या अनेक गोमंतकीय तरुणांप्रमाणे तेही आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० साली वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी मांडवी भागात दवाखाना थाटला. बंदराला लागून असलेली मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, दाटीवाटीच्या चाळी, ओल आणि अंधार यांची वस्ती. सधन रुग्णांच्या शोधात असलेल्या डॉक्टरने निवडावी अशी ती जागा नव्हे. १८८८ साली व्हिएगस मुंबई महानगरपालिकेवर निवडून आले. दवाखान्यात दिसलेले दुःख सभागृहात मांडता येण्याची सोय त्यामुळे झाली, आणि पुढे तिचाच शहराला उपयोग झाला.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीत एक विचित्र ताप दिसू लागला. रुग्णाला कडक ताप येई, जांघेत वा काखेत गाठ उठे आणि दोनचार दिवसांत तो दगावे. वखारींत उंदीरही मरून पडत होते. व्हिएगस यांनी रुग्ण पाहिले, गाठी तपासल्या, लक्षणे ताडून पाहिली आणि निष्कर्ष काढला की हा गाठीचा प्लेग आहे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी ही गोष्ट महापालिकेच्या स्थायी समितीपुढे उघडपणे सांगितली.

आज हे वाचताना त्यातील धाडस सहजी ध्यानात येत नाही. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगने कहर केला होता आणि तेथेच त्याचा जंतू प्रथम सापडला होता. मुंबईत प्लेग असल्याचे जाहीर होणे याचा अर्थ परदेशी बंदरांनी मुंबईची जहाजे अडविणे, कापसाचा व धान्याचा व्यापार बसणे आणि शहर रिकामे होणे. त्यामुळे नाव उच्चारण्यापेक्षा संशयित ताप म्हणून वेळ काढण्याकडे अनेकांचा कल होता. व्हिएगस यांच्या निदानाची तज्ज्ञांकडून फेरतपासणी करण्यात आली आणि ते बरोबर ठरले. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. उंदरावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे पॉल लुई सिमाँ याने १८९८ साली दाखविले. म्हणजे व्हिएगस यांनी उंदीर मारण्याची आणि वस्त्या स्वच्छ करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा रोगाची वाट शास्त्राला पुरती उमगलेलीही नव्हती.

त्यानंतर जे घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला. घरोघरी झडत्या सुरू झाल्या, रुग्णांना कुटुंबापासून ओढून नेण्यात येऊ लागले. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईतील गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला चढविला होता. पुण्यात रँडच्या कारभाराने लोकांचा संयम सुटला. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगलाच बळी पडल्या. सक्तीचा परिणाम असा झाला की लोक रुग्ण दडवू लागले, मृत्यूची खबर देईनात, रातोरात गाव सोडू लागले. ज्यांचा शोध घ्यायचा तेच शोध घेणाऱ्यापासून पळू लागले, आणि साथ त्यांच्याबरोबर गावोगाव गेली. पुढील तीन-चार दशकांत प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

व्हिएगस यांचा मार्ग याहून वेगळा होता. ज्या वस्तीत ते रोज वावरत, तेथील लोकांना समजावून त्यांनी सुमारे १८,००० जणांना स्वतःच्या हाताने लस टोचली. टोचणाऱ्याची ओळख होती, म्हणून माणसे दंड पुढे करीत. १९०६ साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९३३ साली निवर्तले. मुंबईत धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्याच्याजवळून रोज हजारो माणसे जातात, पण हा कोण हे थांबून विचारणारा विरळा.

आता उदगीरच्या कावळ्यांकडे वळू. प्लेग जंतूपासून होतो, बर्ड फ्लू विषाणूपासून. एक उंदरांतून येतो, दुसरा पक्ष्यांतून. परंतु दोन्ही रोग माणसापूर्वी प्राण्याला मारतात, आणि ती पूर्वसूचना ओळखणाराच माणसातील पहिला रुग्ण वेळेवर शोधू शकतो. योगायोग असा की एच५एन१ या विषाणूची माणसातील पहिली साथही हाँगकाँगमध्येच दिसली. १९९७ साली तेथे अठरा जणांना लागण झाली आणि सहा दगावले. २००३ पासून जगभरात या विषाणूचे नऊशेहून अधिक मानवी रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील जवळजवळ निम्मे मरण पावले. मात्र हे प्रमाण नोंद झालेल्यांचे आहे. सौम्य तापाने घरी पडून बरे झालेले किती, हे कोणी मोजले नाही. मोजल्याशिवाय रोग खरोखर किती घातक आहे हे कळत नाही, आणि माणसाकडून माणसाला लागण होऊ लागली तर तेही कळायला उशीर होतो.

महाराष्ट्राला या रोगाची ओळख २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला झाली. जानेवारी २०२१ मध्ये तो परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी आला. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीत एक बालक एच५एन१ ने दगावले. भारतातील तो पहिला नोंदलेला मानवी मृत्यू. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात वाघ आणि बिबट्यादेखील या विषाणूने मेले. परंतु आपल्या राज्यातील सर्वांत बोलके उदाहरण मेळघाटातले आहे. २०१९ च्या आरंभी तेथील सुमारे दीड वर्षाच्या एका बालकाला ताप-खोकला झाला. त्या भागात बालमृत्यूंच्या अभ्यासासाठी आजारी मुलांच्या नाक-घशातील स्रावाचे नमुने घेतले जात होते. त्यातला एक नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासला गेला आणि एच९एन२ हा पक्ष्यांचा विषाणू सापडला. भारतातील तो या प्रकाराचा पहिला मानवी रुग्ण. मूल बरे झाले. तो अभ्यास तेथे चालू नसता, तर साधा सर्दी-ताप म्हणून ही घटना विस्मृतीत गेली असती.

मेळघाटात जे घडले ते मुखेडला घडेल काय? बर्ड फ्लूचे निदान झाले की आसपासच्या एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट करतात, दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते, आणि कोंबड्या हाताळणाऱ्यांवर दहा दिवस लक्ष ठेवतात. ही व्यवस्था उत्तम आहे. पण तिची सुरुवात कोणीतरी खबर दिल्यावर होते, आणि खबर देणे आपण महाग करून ठेवले आहे. भरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधी मेलेल्यांची नव्हे. परसात दहाबारा कोंबड्या पाळणारी बाई मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकते आणि आजारी दिसणारी मरण्याआधी विकून मोकळी होते. तिला दोष देण्यापूर्वी, तिने खबर दिली असती तर तिच्या पदरात काय पडले असते, हे आपण विचारले पाहिजे. शेजाऱ्यांच्या कोंबड्या मारल्या गेल्याचा ठपका तिच्यावर, आणि भरपाईसाठी खेटे तिच्याच नवऱ्याने घालायचे, अशी स्थिती असेल तर ती गप्पच बसणार. पहिल्या मेलेल्या कोंबडीची खबर देणाऱ्याला त्या कोंबडीसह पुरती आणि तत्काळ भरपाई देणे, हा दयेचा प्रश्न नसून आरोग्यरक्षणाचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

दुसरी गोष्ट डॉक्टरांची. थंडीच्या दिवसांत मुखेडच्या कोणत्याही दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रांग असते. प्रत्येकाची प्रयोगशाळेत तपासणी करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. परंतु घरात वा आळीत कोंबड्या किंवा कावळे मेले आहेत काय, एवढा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. उत्तर होकारार्थी आले आणि रुग्णाला धाप लागत असेल, तर नमुना पुण्यास जाणे अगत्याचे आहे. शिक्षकांनाही यात काम आहे. एखाद्या गल्लीतील तीन मुले एकाच आठवड्यात तापाने गैरहजर राहिली, तर हजेरीपटावर ते आरोग्य केंद्राच्या आधी दिसते. पशुवैद्यकीय दवाखान्यातील कारकुनाच्या नोंदवहीत मेलेल्या पक्ष्यांची नोंद असते आणि ग्रामीण रुग्णालयाच्या वहीत तापाच्या रुग्णांची. या दोन वह्या आठवड्यातून एकदा एका टेबलावर ठेवून पाहण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

व्हिएगस यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, विषाणूंची वंशावळ उलगडणारी यंत्रे नव्हती. ज्या वस्तीत ते राहात होते तिची त्यांना ओळख होती, आणि दिसले ते गैरसोयीचे असूनही त्याच महिन्यात सांगण्याची तयारी होती. आज यंत्रे पुण्यात आहेत, भोपाळला आहेत. मुखेडहून तेथवर नमुना पोचावयाचा तर मेलेली कोंबडी हातात घेऊन दवाखान्याच्या पायरीपर्यंत आलेल्या माणसाला तेथे कोणीतरी थांबवून घेतले पाहिजे आणि त्याचे म्हणणे वहीत उतरविले पाहिजे.